शांतीचे बंधन

शास्त्रपाठ : इफिसकरांस पत्र, अध्याय 4, वचने 1 ते 3



इफिस येथील मंडळीस पौलाने जे पत्र धाडिले त्याचे दोन भाग सहज ध्यानात येतात. पहिल्या तीन अध्यायांत देवाने आपणांसाठी काय केले ते सांगितले आहे. चौथ्या अध्यायापासून आपण कसे चालावे ते सांगितले आहे. ह्या दुसऱ्या भागाच्या उंबरठ्यावर प्रेषिताने काय ठेविले आहे ते पाहा. चमत्कार नव्हेत, उपास नव्हेत, वर्गणी नव्हे. फार काय, गावोगाव सुवार्ता सांगत हिंडणे हेही नव्हे. त्याने तेथे नम्रता, सौम्यता व सहनशीलता ठेविली आहे, एकमेकांचे प्रेमाने सोसून घेणे ठेविले आहे, आणि आत्म्याचे ऐक्य शांतीच्या बंधनाने राखण्याची खटपट ठेविली आहे. हे लिहिताना तो आपली ओळख प्रेषित म्हणून देत नाही, बंदिवान म्हणून देतो. मूळ ग्रीक भाषेत बंदिवान व बंधन हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून झाले आहेत. ज्याच्या हाती रोमी सरकारची बेडी पडली होती, तोच दुसऱ्या एका बंधनात आपण होऊन शिरण्याची विनंती मंडळीस करीत आहे.

ज्वारीची काढणी ज्यांनी केली आहे त्यांस हे बंधन फार समजावून सांगावे लागणार नाही. ताटे कितीही भरदार असली तरी मोकळी पडली म्हणजे वाऱ्याने पांगतात आणि गुरांच्या पायी तुडविली जातात. म्हणून त्यांची पेंढी बांधावयाची. पण बांधणारा जाणता गडी बंध आधी पाण्याने भिजवून घेतो, कारण वाळलेल्या बंधाला पीळ देताच तो तुटून हाती येतो. पौलाने शांतीस बंधन म्हटले, परंतु त्या शब्दाच्या आधी नम्रता, सौम्यता व सहनशीलता हे शब्द घातले, ह्याचे कारण मला तरी हेच दिसते. आपण पुष्कळदा कोरड्या मनांची पेंढी बांधावयास जातो. दोन तटांची तडजोड होते, कागद होतो, पंचांच्या सह्या होतात, चहा होतो, फोटोही निघतो. आणि पुढचा नाताळ येण्याच्या आत बंध तुटलेला असतो.

आणखी एक शब्द पाहण्याजोगा आहे. प्रेषित ऐक्य करा असे म्हणत नाही. ते राखा असे म्हणतो. शेताचा राखणदार कणीस निर्माण करीत नाही. बी, पाऊस, ऊन ही देवाची. राखणदाराने माळ्यावर बसावयाचे, दिवसा गोफण फिरवावयाची, रात्री रानडुकरांसाठी जागावयाचे, इतकेच त्याचे काम. पण तो झोपला तर देवाने दिलेले पीक एका रात्रीत जाते. मंडळीचे ऐक्यही असेच दिलेले आहे. पुढील तीन वचनांत पौल ते मोजून दाखवितो : शरीर एक, आत्मा एक, आशा एक, प्रभू एक, विश्वास एक, बाप्तिस्मा एक, आणि सर्वांचा देव व पिता एक. ह्या सातांपैकी एकही गोष्ट पंचांच्या सभेत ठरलेली नाही. म्हणून मंडळीत फूट पाडणारा मनुष्य केवळ शेजाऱ्याशी भांडत नाही. जे त्याचे नव्हेच ते तो उधळीत असतो.

नम्रतेविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण सगळी गाठ तेथेच आहे. प्राचीन ग्रीक लोकांत नम्रता हा सद्गुण मानीत नसत. त्या शब्दाला गुलामाच्या अंगाचा वास येई. थोर मनुष्याने तो आपल्याविषयी वापरावा असे त्यांना स्वप्नातही वाटले नसते. तोच शब्द ख्रिस्ती लोकांनी उचलून मानाच्या जागी बसविला, आणि त्याचे कारण एक संध्याकाळ होय. लूक सांगतो की, शेवटल्या भोजनाच्या वेळीसुद्धा आपणांत मोठा कोण ह्याविषयी शिष्यांचा वाद झाला. योहान सांगतो की, त्याच रात्री प्रभूने कमरेस रुमाल बांधून त्यांचे पाय धुतले. ही दोन वृत्ते एकत्र ठेवून वाचा. बारा जणांत प्रत्येकाने मोठेपणाचा हिशेब चालविला असता पाण्याचे भांडे कोण उचलणार? ते तसेच पडून राहिले, आणि ज्याचा हिशेब करण्याचे कारणच नव्हते त्याने ते उचलले. यहूदाचे पायही त्या बाराांच्या पायांत होते, हे आपण फार लवकर विसरतो.

आपल्या मंडळ्यांत दुसरीच एक नम्रता आढळते. सभेत मागच्या ओळीत जाऊन बसावयाचे, आणि पुढे बोलावणे येते की नाही इकडे डोळा ठेवावयाचा. आले नाही तर तीन महिने उपासनेस फिरकावयाचे नाही. भाषणात आपण सर्वांचा सेवक म्हणावयाचे, आणि वर्धापनदिनाच्या पत्रिकेत आपले नाव खाली छापले म्हणून छापणाऱ्याशी बोलणे सोडावयाचे. हे वाचून ज्यांस आपल्या शेजाऱ्याची आठवण झाली असेल त्यांनी पुन्हा एकदा वाचावे.

खरी नम्रता कोणाकडून आधी मागावयाची? जोडीतला एक बैल उंच व दुसरा ठेंगणा असला तर उंच बैलाने मान खाली घातल्यावाचून जू सरळ राहत नाही. तो ताठ चालला की जू कलते, सारा भार ठेंगण्यावर येतो आणि त्याचा खांदा सुजतो. मंडळीतही शिकलेला, नोकरीवर असलेला, मुंबईपुण्याहून पैसे येणाऱ्या घरचा, पंच, आणि सर्वांच्या आधी पाळक, ही उंच जनावरे होत. व्यासपीठावरून नम्रतेचा उपदेश मात्र बहुधा ठेंगण्यालाच केला जातो. ज्या विधवेची तक्रार कोणी ऐकून घेतली नाही तिला नम्र हो म्हणून सांगणे हा शास्त्राचा उपदेश नव्हे. तो सुजलेल्या खांद्यावर चाबूक होय.

सहनशीलता म्हणजे लांब पल्ल्याचे मन. आपल्या मराठी शास्त्रात देवाविषयी मंदक्रोध हा शब्द आला आहे, तोच भाव येथे आहे. ज्याचा राग हळूहळू पेटतो, आणि पेटण्याच्या आत ज्याला प्रार्थनेस वेळ मिळतो, तो सहनशील. हा काही माणसांचा उपजत स्वभाव असतो व बाकीच्यांस तो साधत नाही, असे म्हणून आपण सुटू पाहतो. महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळीस ह्याचे उत्तर आपल्याच घरात मिळेल. नारायण वामन टिळक ह्यांनी 1895 साली फेब्रुवारीच्या 10 तारखेस मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांच्यावर तो वज्राघात झाला. कित्येक वर्षे पतिपत्नीची ताटातूट झाली. पुढे त्या टिळकांकडे आल्या त्या आपले सोवळे घेऊनच आल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळक स्वभावाने शांत होते असे कोणी समजू नये. त्यांचा तापटपणा बाईंनीच आपल्या ‘स्मृतिचित्रे’त मोकळेपणाने लिहून ठेविला आहे. पण ह्या एका बाबतीत त्या तापट मनुष्याने जबरदस्ती केली नाही. धर्म हा ज्याच्या त्याच्या अंतःकरणातून उगवला पाहिजे, ओढून आणिता कामा नये, अशा समजुतीने ते थांबले. बाईंच्या मनातील जातिभेद त्यांच्या स्वतःच्याच विचाराने गळून पडला, आणि 1900 साली त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षे! आपण दोन रविवार थांबत नाही. सुनेने देवळात यावे, भावाने दारू सोडावी, शेजाऱ्याने आपली चूक कबूल करावी, ह्यासाठी आपण एकदा बोलतो, दुसऱ्यांदा ओरडतो, आणि तिसऱ्यांदा त्याला देवाच्या हवाली केले असे म्हणून त्याचे नाव टाकतो.

घरापुरते जे खरे तेच मंडळ्यांच्या मोठ्या समाजातही खरे ठरले आहे. आपल्या देशात सुवार्ता आली ती परदेशांतल्या भांडणांचे गाठोडे पाठीवर घेऊन आली. मिशनांनी आपापसांत प्रांत वाटून घेतले होते. तेव्हा खेड्यातला ख्रिस्ती मनुष्य प्रेस्बिटेरियन झाला, मेथडिस्ट झाला किंवा बाप्तिस्त झाला, तो त्या त्या मताचा विचार करून नव्हे, तर त्याच्या तालुक्यात कोणते मिशन काम करीत होते त्यावरून. 1924 साली उत्तरेकडील प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या. 1929 साली लखनौ येथे निरनिराळ्या मंडळ्यांचे प्रतिनिधी अधिक विस्तृत ऐक्याच्या विचारासाठी बसले. दक्षिणेकडील मंडळ्यांचे ऐक्य 27 सप्टेंबर 1947 रोजी मद्रास येथे झाले. उत्तरेकडे मात्र चर्चा चालतच राहिली. योजना लिहिली गेली, सुधारली गेली, पुन्हा छापली गेली. अखेर 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापिले. लखनौपासून नागपूरपर्यंत एक्केचाळीस वर्षे लागली. आरंभी जे बसले होते त्यांतील कित्येक तोपर्यंत प्रभूत निजले होते.

इतकी वर्षे कशात गेली? मुख्यतः दोन प्रश्नांत. एक बाप्तिस्म्याचा. काही मंडळ्या तान्ह्या बालकांस बाप्तिस्मा देत, काही केवळ विश्वास कबूल करणाऱ्या जाणत्यांस देत. शेवटी दोन्ही रीतींस एकाच मंडळीत जागा देण्यात आली. दुसरा प्रश्न सेवकांचा होता, आणि तो अधिक नाजूक होता. ज्यांच्याकडे बिशप होते त्यांना वाटे की, बिशपाच्या हातांवाचून झालेली दीक्षा पुरी नव्हे. ज्यांच्याकडे बिशप नव्हते त्यांना वाटे की, आता पुन्हा हात ठेवून घेणे म्हणजे आजवर केलेली सेवा खोटी होती असे कबूल करणे. कोणी कोणापुढे वाकावे? ह्याचे उत्तर असे काढण्यात आले की, सर्वांनीच वाकावे. निरनिराळ्या मंडळ्यांच्या सेवकांनी प्रार्थनापूर्वक एकमेकांवर हात ठेवावे, आणि कोणाला काय उणे आहे ते देव जाणतो म्हणून ते त्याच्या हाती सोपवावे. धर्मशास्त्राच्या पंडितांस ह्यात पुष्कळ दोष काढता येतील. त्या वेळी काढलेही गेले. मला मात्र हे उत्तर बारा शिष्यांच्या त्या माडीवरील भांड्याच्या फार जवळचे वाटते. ज्यांची दीक्षा कोणी नाकारिली नव्हती त्यांनीही मस्तक लवविले.

हे ऐक्य पूर्ण झाले असे म्हणता येत नाही. दीर्घकाळ चर्चेत असलेली अमेरिकन शाखेची मेथडिस्ट मंडळी 1970 साली ऐन वेळी बाहेर राहिली. जी आत आली त्यांतही पुढे सारे सुरळीत चालले नाही. गुजरातेतील ब्रदरेन मंडळीच्या मालमत्तेचा वाद दिवाणी कोर्टापासून चढत चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2013 साली निकाली निघाला. त्या वादात कोणाचे किती खरे ह्याचा निवाडा मी येथे करीत नाही. तो न्यायाधीशांनी केला आहे. परंतु करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल जे विचारतो, की बंधूंचा तंटा तोडण्याजोगा एकही शहाणा तुमच्यामध्ये नाही काय, ते वाचताना आपल्या मंडळ्यांच्या जमिनी, शाळांची पटांगणे आणि दफनभूमीच्या भिंती डोळ्यांपुढे उभ्या राहतात. वकिलाची फी देण्यासाठी कधी वर्गणी कमी पडली आहे काय? पाळकाच्या पगारासाठी मात्र पडते.

आता एक आक्षेप. ऐक्य राखावयाचे म्हणजे सगळे झाकून घ्यावयाचे काय? मुळीच नाही. हिशेब मागणाऱ्यास फुटीर म्हणणे ही चोराची युक्ती आहे. ज्या पौलाने हे वचन लिहिले त्यानेच अंत्युखियात पेत्रास सर्वांदेखत तोंडावर विरोध केला, आणि गलतीकरांच्या पत्रात त्याने ते लिहूनही ठेविले. भांडण कशावरून होते? ताटावरून. पेत्र परजातीय ख्रिस्ती बंधूंबरोबर जेवीत असे. यरुशलेमेहून काही मंडळी आली तेव्हा त्यांच्या भीतीने तो उठून वेगळा बसू लागला. पौलाने हे पोटात घातले नाही, कारण पंक्तीत भेद शिरला की सुवार्तेचाच भंग होतो. इफिसच्या पत्रात ज्या मधल्या आडभिंतीचा उल्लेख आहे तशी भिंत यरुशलेमेच्या मंदिरात खरोखरच होती. परजातीयाने ती ओलांडल्यास त्याच्या मरणास तोच जबाबदार, अशा अर्थाचा ग्रीक लेख कोरलेला तिच्यावरील एक दगड 1871 साली सापडला आहे. दगड आज संग्रहालयात आहे. भिंत सत्तर सालच्या विध्वंसात मंदिराबरोबर पडली. ख्रिस्ताच्या देहात ती त्यापूर्वीच पडली होती.

ह्यापुढे जे लिहितो ते कित्येकांस झोंबेल. आपल्यापैकी बहुतेकांचे आजेपणजे वेशीबाहेर राहत. गावच्या विहिरीवर त्यांना घागर बुडविता येत नसे. वरून कोणी ओतील तेव्हा पाणी. त्यांनी ख्रिस्ताकडे धाव घेतली ती इतर गोष्टींबरोबर ह्यासाठीही, की त्याच्या मेजावर एकच भाकर व एकच प्याला होता. आणि त्याच मेजाभोवती आज नातवंडे सोयरीक ठरविताना हळूच विचारतात, की ते मूळचे कोणांतले? प्रभुभोजन एकत्र, आणि लग्नाचे बोलणे निघाले की पूर्वजांची जात बाहेर! पंचांच्या निवडणुकीत मते पडतात ती त्याच ओळीने पडतात. ज्या भिंतीने आपल्या वडिलांची डोकी फोडली तिचे दगड गोळा करून आपण मंडळीत ओटा बांधीत आहो. येथे गप्प बसणे ही सहनशीलता नव्हे. येथे अंत्युखियातील पौल झाले पाहिजे. मात्र तेही पेत्राच्या तोंडावर, पाठीमागे नव्हे.

पण आपली बहुतेक भांडणे इतकी मोठी नसतात. ती फिलिप्पैतील भांडणासारखी असतात. युवदीया व सुंतुखे ह्या दोन स्त्रियांनी पौलाबरोबर सुवार्तेसाठी श्रम केले होते. त्यांचे बिनसले. कशावरून, ते पौल लिहित नाही. कोणाचे खरे, तेही लिहित नाही. आपण असतो तर आधी तेच विचारले असते, आणि अर्धी मंडळी एकीकडे व अर्धी दुसरीकडे केली असती. पौल विनंती हा शब्द दोनदा लिहितो, एकदा एकीच्या नावापुढे व एकदा दुसरीच्या. दोघींना मिळून एकच विनंती करीत नाही, म्हणजे माझ्याकडून काही मागितलेच नाही असे कोणीही म्हणू नये. मग आपल्या एका सोबत्यास त्या दोघींचे साहाय्य करावयास सांगतो. आणि त्यांची नावे जीवनाच्या पुस्तकात असलेल्यांच्या जोडीला घालतो. ध्यानात घ्या, हे पत्र मंडळीत मोठ्याने वाचले गेले असणार, आणि त्या दोघी तेथे बसलेल्या असणार. ख्रिस्ताने स्वतःस रिक्त करून दासाचे रूप घेतले, हा दुसऱ्या अध्यायातील थोर उतारा त्यांनी आधी ऐकला. नंतर आपली नावे ऐकिली. त्या उताऱ्यावर पंडितांनी ग्रंथ लिहिले आहेत, पण पौलाने तो लिहिला तो एकमेकांचे हित पाहावे एवढे साधे काम मंडळीकडून व्हावे म्हणून.

माझेच खरे, ही गाठ सर्वांत कठीण. पुष्कळ वेळा ते खरोखरच खरे असते. हिशेबात चूक त्याचीच होती, अपमान त्यानेच केला होता, बांध त्यानेच कोरला होता. तरीही खरे असण्याने मनुष्याला वाट पाहत बसण्याचा हक्क मिळत नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो की, तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर अर्पण तेथेच ठेवून आधी जा. अठराव्या अध्यायात म्हणतो की, भावाने तुझा अपराध केला तरी तूच जा. अपराधी कोणीही असो, ज्याला आठवले त्याने जावयाचे.

तेव्हा आता ज्या मंडळ्यांत प्रभुभोजन व्हावयाचे आहे तेथे पाळकांनी व पंचांनी एक आठवडा आधी ते जाहीर करावे, आणि उपासनेत कोणाचेही नाव घेऊ नये. प्रत्येकाच्या मनात एखादे नाव आपोआप येईल. ते आले की दिवस मावळल्यावर, जेवणाच्या वेळेआधी, त्या घरी जावे. एकट्याने जावे, साक्षीदार नेऊ नये, जुनी वही नेऊ नये. आत बोलाविले तर आत बसावे, नाही तर ओट्यावर बसावे. ज्या कामासाठी आलो ते दोन वाक्यांत सांगावे आणि त्याचे म्हणणे तो थांबेपर्यंत ऐकावे. मध्ये बोलू नये. घरातून कोणी पाण्याचा तांब्या आणला, तर तहान असो वा नसो, पाणी प्यावे.